बाजारात मांडा, बियाणं घरात ठेवा

शिरूर तालुक्यातल्या एका छोट्या कार्यशाळेत पाहिलेलं सांगतो. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा. समोर सोलर दिव्याचं सर्किट, उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न, डाव्या हातात चिमटा, आणि वायरच्या बंडलाला टेकवून उभा केलेला फोन. कपॅसिटरचा कुठला पाय कुठल्या भोकात जातो, ते पाहायला त्यानं व्हिडिओ तीनदा मागं नेला. चौथ्यांदा नेमक्या त्या जागी जाहिरात लागली. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे जाहिरात पूर्ण वाजली. ती संपल्यावर व्हिडिओ चालू झाला आणि गोल फिरत थांबला. त्या दिवसाचा दीड जीबी संपला होता. त्यानं आयर्न स्टँडवर ठेवलं आणि मला म्हणाला, "सर, लिंक नको. फाइल मिळेल का?"

ते सर्किट मुक्तस्रोत होतं. आराखडा कुणीही उतरवून घ्यावा, बदलावा, विकावा, अशी उघड परवानगी होती. प्रोग्रामही तसाच खुला होता. पण ते सगळं शिकवणारा व्हिडिओ? तो पाहता येत होता, तोही नेट असेपर्यंत. हातात घेता येत नव्हता.

मुक्तस्रोताचं काम करणाऱ्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. तुम्ही मराठी टंकलेखनाचं साधन बनवत असाल, शाळेसाठी लिब्रेऑफिस शिकवत असाल, फॅब लॅबमध्ये (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळेत) ठिबकचा नियंत्रक जुळवत असाल किंवा डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा कोड खुला करत असाल, तुमच्यासमोर आज ना उद्या हा प्रश्न येतोच: व्हिडिओ ठेवायचे कुठे? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, यूट्यूब. माझं म्हणणं असं आहे की यूट्यूबवर जरूर टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाजारात माल मांडणं वेगळं आणि घरचं बियाणं बाजारात ठेवून येणं वेगळं. कांद्याचं बी स्वतः धरणाऱ्या आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

शिरूर-दौंडच्या वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटायचं कारण नाही. पाबळ शिरूर तालुक्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, आणि शिकता शिकता गावाला लागणारी सेवा द्यायची, ही त्यांची पद्धत. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून पाबळचं नाव आजही घेतलं जातं. जगभरच्या फॅब लॅबची एक सनद आहे. तिच्यात असं म्हटलंय की लॅबमध्ये तयार झालेली रचना तिच्या कर्त्यानं हवी तशी विकावी, राखावी, पण इतरांना वापरायला आणि शिकायला ती उपलब्ध राहिली पाहिजे.

'उपलब्ध राहिली पाहिजे' या तीन शब्दांवर जरा थांबा. सॉफ्टवेअरच्या बाबतीत कोड मिळाला की काम बरंचसं भागतं. वस्तूच्या बाबतीत तसं होत नाही. पाबळच्या घुमटाकार घराचं उदाहरण घ्या. त्रिकोण जोडत जाऊन उभा राहणारा तो डोम. नळ्यांची मापं कागदावर देता येतात. पण पहिला फेरा कुठून सुरू करायचा, बोल्ट सुरुवातीला किती ढिले ठेवायचे, वरचा भाग चढवताना खालून कुणी धरायचं, हे डोळ्यांनी बघावं लागतं. म्हणजे अशा कामात व्हिडिओ ही नुसती जाहिरात नसते, तो दस्तऐवजाचा अर्धा भाग असतो. तोच अर्धा भाग दुसऱ्याच्या मर्जीवर असेल, तर रचना अर्धीच मुक्त म्हणायची.

मर्जी फिरते तेव्हा काय होतं, याची उदाहरणं आहेत. सगळ्यात बोलकं ब्लेंडरचं. त्रिमिती चित्रपट बनवणारं हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी काढून अक्षरशः सोडवून घेतलं आणि मुक्त केलं. ब्लेंडरच्या मंडळींचे 'बिग बक बनी', 'सिंटेल' हे छोटे चित्रपटही खुल्या परवान्यावर आहेत. त्यांच्या चॅनेलवर कमाईचा मार्ग सुरू केलेला नव्हता, कारण त्यांना जाहिराती नको होत्या. २०१८ च्या जूनमध्ये एके दिवशी त्यांचे व्हिडिओ यूट्यूबवर जगभर दिसेनासे झाले. कमाईविषयीच्या नव्या करारावर सही करावी, असा यूट्यूबचा आग्रह होता. त्याच सुमारास एमआयटीच्या मोफत अभ्यासक्रमांचे व्हिडिओही असेच बंद झाले. काही दिवसांनी सगळं पूर्ववत झालं. पण तेवढ्या दिवसांत ब्लेंडरच्या मंडळींनी एक काम केलं: पीअरट्यूब नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर स्वतःची व्हिडिओ साइट उभी केली. ती साइट नंतरही त्यांच्याकडे राहिली. ते हे करू शकले, कारण मूळ फाइली त्यांच्याकडे होत्या. ही गोष्ट माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. तुमचं चॅनेल आज रात्री बंद पडलं, तर उद्या सकाळी दुसरीकडे चढवायला तुमच्याकडे काय आहे?

यात कुणाचा वाईट हेतू असावा लागत नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये क्युरिऑसिटी यान मंगळावर उतरलं. नासानं उतरण्याचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि थोड्याच वेळात तो काढला गेला, कारण एका वृत्तसंस्थेच्या नावानं त्यावर हक्क सांगितला गेला होता. नासाचं स्वतःचं चित्रीकरण, त्यावर कुणाचा कॉपीराइटही नाही. काही तासांत चूक दुरुस्त झाली. नासासाठी काही तासांत होते, गावातल्या चार पोरांच्या चॅनेलसाठी किती दिवसांत होईल याचा विचार करा. हक्काच्या दाव्याला तुम्ही हरकत घेतली, तर दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात. कॉपीराइटच्या तीन 'स्ट्राइक' ९० दिवसांत झाल्या, तर चॅनेलच बंद होऊ शकतं.

आणि कधी मंचच नाहीसा होतो. गूगलची यूट्यूबआधीची स्वतःची व्हिडिओ सेवा होती, गूगल व्हिडिओ. तिच्यावर नवे व्हिडिओ घेणं २००९ मध्ये थांबलं आणि २०१२ मध्ये ती मिटली. आपल्याकडे तर २९ जून २०२० ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. मराठी खेड्यापाड्यांतल्या कितीतरी जणांनी दोन-तीन वर्षं घडवलेलं सगळं तिथेच होतं. बंदी योग्य की अयोग्य हा इथला विषय नाही. फोनमधली मूळ चित्रफीत ज्यांनी पुसली नव्हती, त्यांना पुन्हा सुरुवात करता आली, एवढंच मला सांगायचंय.

आता दुसरी बाजूही तितक्याच मनापासून मांडतो, कारण मुक्त सॉफ्टवेअरच्या काही मित्रांचं मत टोकाचं असतं: खासगी मंचावर पाऊलच ठेवू नये. मला ते पटत नाही. दौंडच्या एखाद्या मुलीला रात्री दहा वाजता कोष्टकात बेरीज कशी करायची हे हवं असतं. ती फोनमध्ये आधीपासून असलेलं ॲप उघडते आणि मराठीत बोलून शोधते. तिथे आपण नसलो, तर तिला दुसरं कुणीतरी भेटेल, कदाचित चोरीचं सॉफ्टवेअर कसं घालायचं हे शिकवणारं. शिवाय यूट्यूबवर रेंज कमी झाली की चित्र आपोआप हलक्या प्रतीचं होतं, तुटत नाही. हे स्वतः उभं करायला बरीच मेहनत लागते.

खर्चाचा हिशोबही करून बघा. साध्या प्रतीचा, म्हणजे सेकंदाला एक मेगाबिट दरानं चालणारा दहा मिनिटांचा व्हिडिओ ७५ एमबीचा होतो. हजार जणांनी पूर्ण पाहिला तर ७५ जीबी. दहा हजारांनी पाहिला तर ७५० जीबी. एका व्हिडिओचा हा भार तुमच्या भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरून जाणार. यूट्यूब तो फुकट उचलतं. फुकट म्हणजे पैशांत फुकट. बदल्यात तुमच्या प्रेक्षकाची माहिती आणि लक्ष जातं. २०२० च्या नोव्हेंबरात बदललेल्या नियमांनुसार, कमाईच्या योजनेत नसलेल्या चॅनेलवरही जाहिराती दाखवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. तुम्ही जाहिरात नको म्हणालात म्हणून ती लागणार नाही, असं आता नाही.

तेव्हा मांडणी अशी करावी. यूट्यूब ही पोचण्याची जागा. साठवण्याची जागा वेगळी. आणि लोकांना द्यायचा पत्ता तिसराच, स्वतःचा. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बांधल्यामुळे घोटाळा होतो.

साठवणीपासून सुरुवात करू, कारण तिथेच सगळ्यात जास्त हयगय होते. फोनवर चित्रीकरण, फोनवरच कापाकापी, थेट अपलोड, मग 'स्टोरेज फुल' म्हणून फोनमधून पुसून टाकणं, असा आपला क्रम असतो. मग यूट्यूबवरची प्रत हीच एकमेव प्रत उरते, आणि ती दाबून लहान केलेली असते. प्रत्येक व्हिडिओसाठी एक फोल्डर करा. त्यात संपादन करून तयार झालेली पूर्ण प्रतीची फाइल हवी. जमल्यास कच्चं चित्रीकरण हवं. आवाज वेगळा ध्वनिमुद्रित केला असेल तर ती फाइल. बोलायला लिहून घेतलेली संहिता. मराठी सबटायटलची फाइल. आणि एक साधी मजकूर फाइल, जिच्यात तारीख, कुणी बनवलं, सॉफ्टवेअरची कुठली आवृत्ती दाखवली आहे आणि परवाना कोणता, हे लिहिलेलं असेल. फोल्डरच्या नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी केली की ते आपोआप ओळीनं लागतात. जागेची चिंता नको. चांगल्या प्रतीचे, सेकंदाला पाच मेगाबिटचे, दहा-दहा मिनिटांचे शंभर व्हिडिओ ३७.५ जीबीत बसतात. ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये तुमच्या संस्थेचं अनेक वर्षांचं शिक्षण मावतं. अर्थात एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नका. दोन हार्ड डिस्क घ्या, एक कार्यालयात आणि एक कुणाच्या तरी घरी. पाऊस, उंदीर, चोरी आणि विजेचा झटका हे सगळं एका खोलीत एकदम होऊ शकतं.

संहिता आणि सबटायटल जपण्याचा आग्रह मी का धरतो, ते आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडे पाहिलं की कळेल. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं हा प्रकल्प उभा राहिला. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकवणारे दहाएक मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. त्यांची रीत अशी: आधी संहिता लिहायची, ती तपासायची, मगच मुद्रण करायचं. पडद्यावर जे चालतं ते तसंच राहतं, वरचा आवाज बदलतो. त्यामुळे एकदा केलेला धडा दुसऱ्या भाषेत नेणं सोपं जातं. धडे क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर आहेत. आणि त्यांनी फार पूर्वीपासून एक सोय ठेवली आहे: हवे ते धडे हव्या त्या भाषेत निवडा, एकत्र उतरवून घ्या, नेट नसलेल्या संगणक कक्षात चालवा. ज्या महाविद्यालयात चाळीस संगणक आणि नेट मात्र प्राचार्यांच्या केबिनमध्येच, तिथे याची किंमत कळते. मोठ्या संस्थेचं म्हणून हे सोडून देऊ नका. संहिता आधी लिहिणं हे दोन माणसांच्या गटालाही जमतं.

परवान्याबद्दल थोडं. यूट्यूबवर अपलोड करताना दोनच पर्याय मिळतात: त्यांचा नेहमीचा परवाना, किंवा श्रेय देऊन वापरण्याचा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना. तुम्हाला 'बदल केलात तर तोही याच परवान्यावर खुला करा' ही अट घालायची असेल, तर तिथल्या यादीत ती नाही. म्हणून परवाना व्हिडिओच्या शेवटच्या चौकटीत मराठीत लिहा आणि खालच्या वर्णनातही लिहा. आणखी एक अडचण कामातून कळलेली: पार्श्वसंगीत. परवाना खुला आणि मागे सिनेमातलं गाणं, हे चालत नाही. मुद्दाम लावलेलं गाणंच धोक्याचं असतं असं नाही. लग्नसराईत किंवा सप्ताहाच्या दिवसांत चित्रीकरण केलंत, तर देवळाच्या भोंग्यावरची ध्वनिफीत तुमच्या माइकमध्ये स्पष्ट येते आणि यूट्यूबचं तपासणारं यंत्र ती ओळखतं. सकाळी लवकर चित्रीकरण करा, किंवा आवाज नंतर घरात बसून द्या. पांघरूण अंगावर घेऊन बोललं तरी आवाज स्वच्छ येतो.

आता पत्ता. छापील पुस्तिकेत, भिंतीवरच्या तक्त्यावर, यंत्राला चिकटवलेल्या स्टिकरवर आपण सरळ यूट्यूबची लिंक किंवा तिचा क्यूआर कोड छापतो. व्हिडिओ बदलला, चॅनेल गेलं, की ते सगळे कागद मुके होतात. त्याऐवजी स्वतःचं डोमेन घ्या, वर्षाला फार मोठा खर्च नाही. त्यावर एका व्हिडिओसाठी एक साधं पान करा. त्या पानावर व्हिडिओ यूट्यूबचा दाखवा, खाली 'फाइल उतरवून घ्या' असा दुवा द्या, संहिता द्या. क्यूआर कोड त्या पानाचा छापा. उद्या व्हिडिओ कुठेही हलवला तरी स्टिकर तोच राहतो. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत धड्याजवळ छापलेले क्यूआर कोड तुम्ही पाहिले असतील. ते दीक्षा या सरकारी व्यवस्थेकडे नेतात. पुस्तक एकदा छापलं की छापलं, पण कोडमागचं साहित्य बदलता येतं, वाढवता येतं. ती व्यवस्था ज्यावर उभी आहे ते सनबर्ड सॉफ्टवेअरही मुक्तस्रोत आहे. तत्त्व तेच घ्यायचं. डोमेनचं नूतनीकरण मात्र शक्य तितक्या जास्त वर्षांचं एकदम करून टाका, आणि ते संस्थेच्या नावावर हवं.

'संस्थेच्या नावावर' हे मी ठोकर खाऊन शिकलो. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणांनी मिळून मराठी टंकलेखनाचे धडे केले होते. चॅनेल उघडलं ते आमच्यातल्या सगळ्यात उत्साही मुलाच्या खात्यावर, त्याच्याच मोबाइल नंबरानं. त्याला बाहेरगावी नोकरी लागली, नवीन नंबर घेतला, जुना बंद झाला. पासवर्ड त्याच्याही लक्षात राहिला नाही. पडताळणीचा संकेतांक जायचा तो बंद नंबरावर. चॅनेल सगळ्यांना दिसतंय, लोक खाली प्रश्न विचारतायत, आणि आम्हाला एक शब्दही लिहिता येत नाही. एका धड्यात मी जोडाक्षराची कळ चुकीची सांगितली होती. ती चूक आजही तिथे तशीच आहे आणि मला ती टोचते. यात मंचाचा दोष नाही, आमचाच होता. तेव्हा संस्थेच्या ईमेलवर खातं उघडा, चॅनेलला किमान तीन व्यवस्थापक ठेवा, खातं परत मिळवण्याचे राखीव संकेतांक कागदावर छापून संस्थेच्या कपाटात ठेवा. शिक्षकांची बदली होते, मुलं शिकून जातात, कपाट राहतं.

दुसरं घर कुठे करायचं? इंटरनेट अर्काइव्ह ही १९९६ पासूनची ना-नफा संस्था व्हिडिओ फुकट ठेवते आणि कुणालाही मूळ फाइल उतरवून घेऊ देते. आपल्या पुण्यातच आयुका या संशोधन संस्थेत बसून टाकाऊ वस्तूंची खेळणी घडवलेल्या अरविंद गुप्तांचा कित्ता इथे गिरवण्याजोगा आहे. त्यांनी पुस्तकं आणि खेळण्यांच्या फिल्म एका ठिकाणी अडकवल्या नाहीत. स्वतःचं संकेतस्थळ ठेवलं, इतर मंचांवरही ठेवलं, उतरवून घेणाऱ्याला कधी अडवलं नाही. तुमचा व्हिडिओ ज्ञानकोशात शोभेल असा असेल, समजा घोड नदीच्या काठावरच्या पिकाचा किंवा गुऱ्हाळाच्या कामाचा, तर विकिमीडिया कॉमन्सवर टाका. मात्र तिथे 'व्यापारी वापर नको' अशा अटीचा परवाना चालत नाही, आणि आपल्या फोनची एमपी४ फाइल चालत नाही, ती वेबएम स्वरूपात बदलून द्यावी लागते. हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या मुक्त साधनांनी ते होतं.

हेही घर पक्कं समजू नका. डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळं एकदम अडवली गेली होती. त्यांत व्हिमिओ आणि डेलीमोशन होती, कोड ठेवण्याचं गिटहब होतं, इंटरनेट अर्काइव्हही होतं. अर्काइव्ह २०१७ मध्ये पुन्हा काही काळ अडवलं गेलं, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे ते अनेक दिवस बंद होतं. आपण सगळे ज्यावर व्हिडिओ पाहतो, त्या व्हीएलसी प्लेअरचं अधिकृत संकेतस्थळ २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने उघडत नव्हतं. कायदेशीर नोटिशीनंतर नोव्हेंबरात ते खुलं झालं. मुक्त असलं म्हणजे अडत नाही, असं नाही. म्हणून दोन ठिकाणी ठेवा, आणि ती दोन्ही एकाच कंपनीची नसावीत.

मग स्वतःचा पीअरट्यूब सर्व्हर उभा करावा का? मला हा प्रश्न तरुण मुलं फार उत्साहानं विचारतात. पीअरट्यूब फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेनं घडवलं. त्याची पहिली पक्की आवृत्ती ऑक्टोबर २०१८ ची. व्हिडिओ पाहणारे लोक त्याचे तुकडे एकमेकांना देतात, त्यामुळे सर्व्हरवरचा भार हलका होतो. वेगवेगळे सर्व्हर एकमेकांचे व्हिडिओ दाखवू शकतात. रचना सुंदर आहे. पण उत्तर देताना मला केडगाव आठवतं.

पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. तिथे त्यांनी स्वतःचा छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं आणि खिळे जुळवणारे हात तिथल्याच मुलींचे, बायकांचे होते. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. कर्ती गेल्यावरही काम पूर्ण झालं, कारण यंत्र चालवायला शिकलेली माणसं तिथे होती. छापखाना आपल्या मालकीचा असणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तो रोज तेलपाणी मागतो हीसुद्धा.

सर्व्हरचंही तसंच आहे. सुरक्षेची दुरुस्ती आली की ती घालावी लागते, डिस्क भरते, कुणीतरी भलतंच अपलोड करतं, मध्यरात्री साइट पडते. घरच्या किंवा शाळेच्या ब्रॉडबँडवर बहुधा बाहेरून पोचता येईल असा स्वतंत्र पत्ताही मिळत नाही, म्हणजे सर्व्हर भाड्यानंच घ्यावा लागतो. हे सांभाळणारी किमान तीन माणसं तुमच्याकडे असतील आणि पुढची तीन तयार होत असतील, तर जरूर करा. एकटा हुशार विद्यार्थी असेल, तर करू नका. तो पदवी घेऊन गेला की सर्व्हर त्याच्यामागून जातो. त्यापेक्षा तालुक्यातल्या चार-पाच संस्था, एखादं महाविद्यालय, एखादी आयटीआय, पाबळसारखं केंद्र यांनी मिळून एक सर्व्हर भाड्यानं घेऊन आळीपाळीनं सांभाळावा. सहकाराची सवय आपल्या भागाला नवी नाही.

सर्व्हरपेक्षाही आपल्याकडे जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे नेटशिवायचं वितरण. शेतीच्या थ्री-फेजची पाळी रात्रीची असली की घरातला मोठा मुलगा मोटर चालू करायला जातो आणि विहिरीपाशी फोनवर काहीतरी बघत बसतो. तिथे रेंज असेलच असं नाही. रास्पबेरी पाय नावाचा पाकिटाएवढा संगणक आणि एक साधा वायफाय राउटर, एवढ्यावर वर्गातल्या पंचवीस-तीस फोनना साध्या प्रतीचे व्हिडिओ नेटशिवाय पुरवता येतात. शिकवण्याच्या साहित्यासाठी कोलिब्री आणि विकिपीडिया नेटशिवाय वाचण्यासाठी किविक्स, ही दोन मुक्त साधनं त्यावर बसतात. तेही नको असेल, तर मेमरी कार्ड भरून वाटा.

मी त्या सोल्डरिंगवाल्या मुलाला पेनड्राइव्ह भरून दिला. महिन्याभरानं तो परत आला तेव्हा त्यात एक फाइल जास्तीची होती. आमच्याच धड्यावर त्यानं आपला आवाज चढवला होता, त्याच्या चुलतभावासाठी. आम्ही 'ध्रुवता तपासा' म्हटलं होतं. तो म्हणत होता, "हे बघ, प्लस मायनस उलटं झालं तर दिवा लागणार न्हाई, आन् आयसी जळंल ते येगळंच." शेवटच्या चौकटीत आमची परवान्याची ओळ जशीच्या तशी, खाली त्याचं नाव. लिंक दिली असती तर हे झालं नसतं. आम्ही आता तीच फाइल वाटतो.

ज्यांचे व्हिडिओ आधीच यूट्यूबवर आहेत आणि मूळ फाइली हरवल्या आहेत, त्यांनी गूगल टेकआउटमधून आपल्या चॅनेलचा सगळा साठा मागवावा. निवड करताना फक्त यूट्यूबवर खूण ठेवा, नाहीतर ईमेलपासून फोटोंपर्यंत सगळं येतं. साठा मोठा असेल तर तो तयार व्हायला कधी तास, कधी दिवस लागतो. दुवा ईमेलवर येतो आणि काही दिवसांनी तो संपतो, तेव्हा ज्या आठवड्यात चांगलं नेट मिळणार असेल त्याच आठवड्यात मागवा. महाविद्यालयाचा संगणक कक्ष रविवारी उघडून घेतलात तर उत्तम.

सगळं उतरलं की एक तपासणी करा. पेनड्राइव्ह तिसऱ्याच माणसाच्या फोनला किंवा संगणकाला लावा, नेट बंद करा आणि मधलीच एखादी फाइल चालवून बघा. आवाज ओठांशी जुळतो का, शेवटपर्यंत चालते का, बघा. मराठी सबटायटलमध्ये अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसली, तर ती फाइल बहुधा युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही. साध्या मजकूर संपादकात उघडून त्या स्वरूपात पुन्हा जतन करा, आणि 'क्ष', 'ज्ञ', 'ऱ्या' नीट दिसतात का ते पाहूनच दुसरी प्रत काढा.